कोळंबी, कासव आणि 'टाळ्या': एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

टेड, म्हणजे जाळ्यात शिरलेल्या कासवाला बाहेर सोडणारी चौकट, न वापरणाऱ्या देशांची समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिका घेत नाही. या बंदीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "पर्यावरणाच्या नावाखाली गरीब देशांचा माल अडवायचा हा गोऱ्यांचा जुनाच धंदा, आणि पुण्यात बसून तुमच्यासारखे टाळ्या वाजवणार." पुढे डिझेल परतावा, टेडची किंमत, निसटणारी मासळी असंही बरंच होतं. टेड लावलं की थोडी मासळी जाते, हे मान्य. बाकीच्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही.

पण टाळ्यांचा आरोप मी ऐकून घेणार नाही. मतभेद असू द्या, बोलायची ही कुठली रीत? माझे वडील हर्णे बंदरात ट्रॉलरवर तांडेल होते. जाळं डेकवर ओतलं की कोळंबीच्या ढिगात कधीमधी कासव निघायचं, मान लुळी पडलेलं. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळं तासन्‌तास तळाशी ओढत राहिलं की ते आतच गुदमरतं. वडील ते पुन्हा पाण्यात लोटायचे. त्यानं कासव जगायचं नाही आणि आमच्याही पदरात काही पडायचं नाही. जाळ्याच्या गळ्याशी सळ्यांची तिरकी चौकट असती, तर कोळंबी फटींतून मागे गेली असती आणि कासव झडपेतून बाहेर पडलं असतं. टेड म्हणजे एवढंच! मच्छीमाराच्या घरात वाढलेल्याला मच्छीमारांचा वैरी ठरवताना जरा तरी विचार करायचा होतात.

आता 'गोऱ्यांचा धंदा'. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड या बंदीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ साली अपिलीय मंडळानं सांगितलं, कासवांसाठी आयात रोखता येते, पण अमेरिकेनं ती भेदभावानं रोखली. कॅरिबियन देशांना तयारीला ३ वर्षं, आशियाला ४ महिने! म्हणजे आपण अमेरिकेच्या वागणुकीवर जिंकलो, कासवाच्या मुद्द्यावर नाही. पुढे अमेरिकेनं नियम बदलले, मलेशिया पुन्हा भांडली आणि २००१ साली हरली. हे सगळं लेखाच्या उत्तरार्धात आहे. तुम्ही तिथवर पोहोचलेले दिसत नाही.

ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव आपल्याच १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, कोकणातल्या वेळासच्या वाळूत अंडी घालतं. आपल्या जाळ्यांना चालेल असं टेड कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं कधीच तयार केलंय. ते बसवायला अमेरिकेनं दार लावायची वाट का पाहायची, एवढंच मी विचारलं होतं. त्याचं उत्तर तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत कुठेच नाही.

मुद्द्यावर लिहाल तर जरूर उत्तर देईन. 'पुण्यात बसून' वगैरे पुन्हा आलं, तर प्रतिक्रिया काढून टाकेन.