‘घरच्यांपासून मत कशाला लपवायचं?’

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच. अंध मतदाराला सोबती न्यायची मुभा आहे, सोबती गुप्ततेची हमी लिहून देतो, यंत्रावर ब्रेलसुद्धा आहे. मग ‘आम्हालाही गुप्त मतदान हवं’ ही ओरड कशाला? घरच्यांपासून काय लपवायचं? आणि असले लाड जगात कुठे होतात?

आधी घरच्यांचं बघू, कारण लोकांना पटतो तो हाच मुद्दा. मत गुप्त ठेवायचं ते कोणापासून? रस्त्यावरच्या परक्या माणसाला तुमच्या मताशी काय देणंघेणं? ते लपवायचं असतं मालकापासून, सावकारापासून, सासऱ्यापासून, थोडक्यात ज्याच्या मर्जीवर आपलं काही अडतं त्याच्यापासून. डोळस सून सासऱ्याच्या पक्षाला डावलून आली तरी घरी कुणाला पत्ता लागत नाही. त्याच घरात सून अंध असेल तर? पेन्शनची कागदपत्रं, औषधं, बँक, सगळीकडे तिला ज्याचा हात धरावा लागतो, त्याच्याचसमोर तिने त्याच्या नावडत्या उमेदवाराचं नाव घ्यायचं. ग्रामपंचायतीला तर उमेदवारच भावकीतला असतो. शिवाय नाव घेतल्यावर सोबत्याने नेमकं तेच बटण दाबलं का, हे कळायला तिच्याकडे मार्ग नाही. अवलंबून असलेल्याला गुप्तता जास्त लागते, कमी नाही.

दुसरं, सोबत्याची हमी. 1961 च्या निवडणूक नियमांतला नियम 49-एन मुळातून वाचा. सोबती किमान 18 वर्षांचा हवा, त्याने मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यायचं, आणि एका दिवसात त्याला एकाच मतदाराचा सोबती होता येतं, दुसऱ्या केंद्रावरसुद्धा नाही. ही शेवटची अट कशासाठी? एकच ‘समाजसेवक’ दहा अंधांची मतं टाकून येऊ नये म्हणून. म्हणजे सोबत्यावर डोळे झाकून भरवसा टाकू नये, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. हमी मोडली तर काय, हेही विचारा. मत कोणाला दिलं हे सांगायची सक्ती कुणावरही करता येत नाही, 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 94 तसं स्पष्ट सांगतं. ते रास्तच आहे. पण मग सोबत्याने दगा दिला हे सिद्ध कसं करणार? जी हमी मोडल्याचं कळतच नाही, तिला हमी म्हणायचं म्हणून म्हणायचं.

सोबत्याची सोय काढून टाका असं मात्र कुणी म्हणत नाही, मीही नाही. ती अनेकांना हवी असते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने 2007 मध्ये मान्य केला. त्यातलं कलम 29 गुप्त मतदानाचा हक्क सांगतं आणि मदतीचीही तरतूद करतं, मात्र मतदाराने मागितली तर आणि त्याच्या पसंतीच्या माणसाची. त्या मजकुरात हा ‘मागितली तर’ सोयीस्कररीत्या गळतो. केंद्रावरही गळतो. पांढरी काठी दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘बरोबर कोण आहे?’ खरं तर ज्याला एकट्याने मत देता येतं त्याच्या गळ्यात सोबती मारायचा अधिकार केंद्राध्यक्षाला नाही.

राहिलं ब्रेल. हो, आहे. 2004 मध्ये आंध्र प्रदेशातल्या आसिफनगर पोटनिवडणुकीत त्याचा प्रयोग झाला आणि पुढे ते देशभर आलं. बॅलट युनिटवर, म्हणजे यंत्राच्या ज्या भागावर उमेदवारांची नावं आणि बटणं असतात त्यावर, बटणांशेजारी 1 ते 16 आकडे ब्रेलमध्ये असतात. पण आकड्यावरून उमेदवार कळत नाही, त्यासाठी केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिका हाती पडावी लागते. ती आधी वाचायची, क्रमांक लक्षात ठेवायचा, मग कक्षात जायचं. 2024 च्या लोकसभेला बीडमध्ये 41 उमेदवार होते. ‘नोटा’ धरून तीन युनिटं होतात, आणि आपला माणूस तिसऱ्या युनिटवर कितवा हे बोटांनी शोधायचं. ज्यांची दृष्टी उतारवयात गेली त्यांतल्या बहुतेकांना तर ब्रेल येतच नाही. महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागांत आणखी गंमत असते. तीन-चार जागांसाठी तितकी मतं द्यायची आणि कुठली मतपत्रिका कुठल्या जागेची हे ओळखायचं रंगावरून!

एवढं करून बटण दाबलं की ‘बीप’ वाजतो. तो सांगतो मत नोंदलं, कोणाला ते सांगत नाही. डोळस मतदाराला तेवढ्याने समाधान नाही म्हणून व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापील चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र, आलं. कागदी पुरावा ही मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीची अपरिहार्य गरज आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं. त्यातली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. दिसते! 2011 च्या जनगणनेत दृष्टिबाधितांची संख्या 50 लाखांवर होती. त्यांतल्या ज्यांना ती वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही अपरिहार्य गरज अजून ‘बीप’वरच भागवली जाते.

जगात कुठे होतं म्हणाल, तर अमेरिकेत 2002 च्या कायद्याने केंद्रीय निवडणुकांच्या प्रत्येक मतदान केंद्रावर अंधांना स्वतंत्रपणे आणि खासगीत मत देता येईल असं निदान एक यंत्र बंधनकारक केलं. ऑस्ट्रेलियात अंध मतदार फोनवरून मत देतात. आधी नोंदणी करून क्रमांक घ्यायचा, म्हणजे पलीकडे मत लिहून घेणाऱ्याला आवाज ऐकू येतो, नाव कळत नाही. आपल्या यंत्रात मत कानाने ऐकून देता येईल अशी हेडफोनची सोय घातली तर सुरक्षिततेचं काय, ही शंका मात्र खरी आहे, तिला उडवून लावू नये. पण त्याचं उत्तर अभियंत्यांनी शोधायचं. ते मिळेपर्यंत ब्रेलची नमुना मतपत्रिका मागायच्या आधी टेबलावर ठेवलेली असावी आणि ‘बरोबर कोण आहे?’च्या ऐवजी ‘एकटे मत देणार की सोबती हवा?’ असं विचारलं जावं, याला ना नवं यंत्र लागतं ना नवा कायदा.