ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला नाही

धाकट्या भावाने काल रात्री एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, टाकीत चमचाभर हळद टाकू का?" अजिबात नको. फॉरवर्ड म्हणतो: माशाला बोनमॅरो (हाडांतला मगज, जिथे आपल्या रक्तपेशी बनतात) नसतो म्हणून प्रतिकारशक्तीही नसते, अंगावरचे पांढरे ठिपके म्हणजे पू, त्यावर हळद आणि अँटिबायोटिक चालतं, आणि ठिपके गेले की मासा बरा.

शेवटचं आधी घेतो, कारण मासे मरतात ते त्यामुळे. ठिपका म्हणजे इक्थिओफ्थिरियस हा एकपेशीय परजीवी. कातडीच्या वरच्या थराखाली बसून तो माशाच्या पेशी खातो, 1 मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि पोट भरलं की आपणहून गळून पडतो. ठिपका 'गेला' तो असा. मग तळाच्या खड्यांवर कवच करतो, आणि 25 अंशांना दिवसभरात त्यातून शेकडो पिल्लं सुटतात. दोनेक दिवसांत मासा नाही सापडला तर ती मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखाली आणि कवचात ते पोचतच नाही. तिसऱ्या दिवशी उपचार थांबवले की आठवड्यात कल्लेसुद्धा परजीवींनी भरतात.

म्हणून लिटरला 2 ते 3 ग्रॅम मीठ, दोन दिवसांत थोडं थोडं करून. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत 28 ते 30. एअर पंप चालूच, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. रोज तळाचा सायफन, म्हणजे नळीने तळाची घाण ओढून काढणं. आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर हेच. कोरीडोरास, लोच असे मिठाला नाजूक मासे असतील तर मीठ निम्मंच.

बोनमॅरोचं अर्धं खरं आहे, मान्य. माशाच्या हाडांत रक्तपेशी बनत नाहीत. ते काम मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो. पण पेशी तर बनतातच ना! 2013 साली पीएनएएस या नियतकालिकात रेनबो ट्राउटवरचा अभ्यास आला. याच परजीवीतून वाचलेल्या माशांच्या कातडीत आयजीटी नावाची प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) बनवणाऱ्या बी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, वाढलेल्या होत्या, आणि कातडीतल्या परजीवींवर त्याच प्रतिपिंडांचा लेप होता. हाताला बुळबुळीत लागतो तो थर माशाची पहिली चौकी आहे.

पू? मायक्रोस्कोपखाली ठिपका हळूहळू गोल फिरताना दिसतो, आत घोड्याच्या नालासारखं केंद्रक. पू फिरत नाही.

हळद पाण्यात विरघळत नाही, कण कल्ल्यांवर बसतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, या परजीवीवर नाही. उलट फिल्टरमधले अमोनिया संपवणारे कामाचे जिवाणू मेले की पाण्यात हा विषारी अमोनिया चढतो.

आणि वाचलेल्या माशांना पुढे संरक्षण मिळतं, पण थोडा परजीवी अंगावर राहू शकतो. म्हणूनच जुने मासे ठणठणीत आणि नवा ठिपक्यांनी भरलेला, असं होतं. नवा मासा आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेव, जाळीही वेगळी.