टाळी कुठे वाजवावी?

माझा भाचा बास गिटार वाजवतो. आमच्या नात्यागोत्यात हे वाक्य ज्या सुरात उच्चारले जाते, त्याच सुरात पूर्वी एखाद्या मुलाला दमा असल्याचे सांगत असत. तरीही ताईने फोनवरून फर्मान काढले, "पोराचा जॅझचा पहिला मोठा कार्यक्रम आहे. माझ्या गुडघ्यांमुळे मला जमायचं नाही. तू संगीतातला आहेस, तू जा." मी संगीतातला आहे याचा अर्थ एवढाच, की गेली वीसेक वर्षे डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन मी भारतीय बैठकीत मांडी घालून डुलक्या काढतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मात्र न चुकता जागा होतो.

भाच्याला पासाबद्दल विचारले, तर तो म्हणाला, "मामा, जागा नवीन आहे. पास ठेवलेच नाहीत त्यांनी." तेव्हा पंधराशे रुपये भरून तिकीट काढले. त्यावर 'जनरल स्टँडिंग' असे छापलेले होते. त्याचा संबंध समाजातल्या प्रतिष्ठेशी असावा, अशी माझी भाबडी समजूत झाली.

ही नवी जागा लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात होती. आवारात शिरताच मी थबकलो, कारण याच गिरणीत माझ्या काकांनी 1982 च्या संपापर्यंत साचे, म्हणजे कापड विणण्याचे माग, चालवले होते. त्या कामाची दोन स्मृतिचिन्हे काकांकडे अजून आहेत. एक म्हणजे मंद झालेले कान आणि दुसरे म्हणजे, शेजारी शंभर साचे खडखडत असावेत अशा पट्टीतले बोलणे. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी याच फाटकापाशी उभा राहत असे. या खेपेलाही माझ्या हातात डबाच होता, कारण सौभाग्यवतींचा बाहेरच्या खाण्यावर विश्वास नसल्याने तिने चार थालीपिठे बांधून दिली होती. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने छत्री, पाण्याची बाटली आणि डबा अशा चढत्या क्रमाने संशय वाढवत तिन्ही वस्तू ताब्यात घेतल्या. डब्याचे झाकण उघडून त्याने वास घेतला आणि हळहळून म्हणाला, "काका, आत नाही चालत. जाताना घेऊन जा." मग एका मुलीने माझ्या मनगटाभोवती कागदी पट्टा चिकटवला. असा पट्टा मला याआधी एकदाच, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी बांधला होता. परंतु त्या वेळी निदान खाट मिळाली होती.

येथे खाट तर सोडाच, खुर्चीदेखील नव्हती. बाक, सतरंजी, पायरी, उलटी ठेवलेली बादली, यांपैकी काहीही नव्हते. चारशे-पाचशे माणसे एका प्रचंड पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि त्यांपैकी कोणालाच आपल्यावर अन्याय झाला आहे असे वाटत नव्हते. मी चपळाईने एक बिडाचा खांब गाठला आणि त्याला पाठ टेकवली. आठचा कार्यक्रम नऊ वाजून वीस मिनिटांनी सुरू झाला, तोवर आमच्यात, म्हणजे माझ्यात आणि खांबात, बरीच आपुलकी निर्माण झाली होती.

जॅझ मला अगदीच अपरिचित आहे असे नव्हे. 1978 साली धोबीतलावच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक मुंबईत वाजवून गेला. रंगभवन उघड्यावरचे असल्यामुळे तिकिटाला पैसे नसलेल्या आम्हा महाविद्यालयीन पोरांची बाहेरच्या पदपथावर चांगली सोय होत असे. आम्हाला दिसत काही नव्हते आणि कळत त्याहून कमी होते. परंतु ते फुकट होते आणि, हे मला खांबाला टेकल्यावर तीव्रतेने आठवले, आम्ही बसलेलो होतो.

पहिली रचना सुरू झाली आणि माझ्या ध्यानात आले, की हे प्रकरण आपल्या घरचेच आहे. आधी सगळ्यांनी मिळून मुखडा वाजवायचा, मग एकेकाने त्याच चौकटीत आपापला विस्तार करायचा आणि शेवटी पुन्हा सर्वांनी मुखड्यावर यायचे. सॅक्सोफोनवाल्याचा विस्तार संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि रचना संपली असे समजून मी दोन पावले पुढे जाऊन "वन्स मोअर" असे ओरडलो. तोपर्यंत पियानोवाल्याचा विस्तार सुरूही झाला होता. रचना चालू असताना प्रत्येकाच्या विस्तारानंतर टाळ्या द्यायच्या असतात, हे मला शेजारच्या मुलीच्या नजरेतून समजले.

खरी परीक्षा पुढेच होती. लोक ठेक्यावर टाळ्या वाजवू लागले. तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी असते आणि नवव्या मात्रेवर 'खाली', म्हणजे टाळीविना मोकळा हात, हे संस्कार ज्याच्या हातांत मुरले आहेत, तो सहजच पहिली मात्रा पकडतो. मी ती पकडली, आणि चारशे माणसांच्या टाळ्यांच्या बरोबर मधल्या फटीत माझी टाळी एकटीच वाजू लागली. "अंकल, दोन आणि चारवर," ती मुलगी हळूच म्हणाली. जॅझमध्ये चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी वाजवतात. म्हणजे जेथे समेचा मान, तेथे हात आवरून धरायचा. जन्मभर यजमानाच्या घरी पाटावर बसलेल्या माणसाला एकाएकी पंगतीत वाढायला उभे करावे, तशी माझी अवस्था झाली. तरी दहा मिनिटांच्या कठोर प्रयत्नांनी, ओठांत आकडे पुटपुटत, मी ते साधले.

मध्ये एक संथ रचना झाली. सॅक्सोफोनवाला गोव्याचा होता. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांनीच मुंबईचा जॅझ उभा केला. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ त्यांच्यापैकीच. आमच्या समोरच्या ह्या सॅक्सोफोनवाल्याने शेवटचा स्वर असा काही लांबवला, की माझ्या तोंडून नकळत, भर शांततेत, "क्या बात है!" निघून गेले. सगळ्या माना वळल्या. मला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले. तेवढ्यात त्याने वाद्य ओठांपासून दूर केले, माझ्याकडे पाहून मान लववली आणि माइकमध्ये कोकणीत आभार मानले, "देव बरें करूं." त्यानंतर त्या मुलीने मला पुन्हा काही शिकवले नाही.

मध्यंतरानंतर फंक नावाचा नाचरा संगीतप्रकार सुरू झाला आणि मी दोन व चारवर टाळी धरून सज्ज होतो, तर नियमच बदललेले. अमेरिकी गायक जेम्स ब्राऊन यांनी आपल्या वादकांना पहिल्या मात्रेवर जोर द्यायला लावला आणि फंकचा डोलारा त्या 'वन'वर उभा राहिला, असे भाच्याने मला आदल्या दिवशी सांगितले होते. म्हणजे सम! एवढा खटाटोप करून जी सोडली, तीच परत आली होती. आता भाचा पुढे आला आणि अंगठ्याने तारांवर थपडा मारू लागला. अमेरिकी बासवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवत असताना ड्रमवाला राहिला नाही, म्हणून त्याने ड्रमचे काम अंगठ्याने केले, आणि त्यातून वादनाची ही तऱ्हा रूढ झाली. अडचणीतून निघालेला आवाज मात्र थेट पोटात घुमत होता. खांबही थरथरत होता. दम्यासारखा सांगितला जाणारा आमचा भाचा चारशे माणसांना नाचवत होता, आणि एका क्षणी मला दिसले, की मी खांब सोडलेला आहे. माझे गुडघे, जे ताईच्या गुडघ्यांचे सख्खे भाऊ आहेत, कोणाचीही परवानगी न घेता हलत होते.

पावणेबाराच्या सुमारास मी टोकन देऊन डबा सोडवला. फाटकाबाहेर भाच्याने आणि त्या गोव्याच्या वादकाने उभ्या उभ्या थालीपिठे संपवली. मला अर्धे मिळाले.

दुसऱ्या दिवशी काकांना सगळे सविस्तर सांगितले, अर्थात ओरडून. त्यांनी संगीताबद्दल काहीही विचारले नाही.

"छप्पर कसं होतं? करवतीच्या दात्यांसारखं?"

"हो."

"म्हणजे आमचं साचेखातं. बसायला काय होतं?"

"काही नाही. उभ्यानेच ऐकायचं."

"किती वेळ?"

"पावणेचार तास. पंधराशे रुपये तिकीट."

काका बराच वेळ हिशेब करत राहिले.

"आम्ही तिथं आठ-आठ तास उभे असायचो," ते गरजले, "पण पैसे आम्हाला मिळायचे रे!"