‘मैदान आपोआप माणूस घडवतं’ या फॉरवर्डला उत्तर

शालेय स्पर्धांचा मोसम आला की पालकांच्या आणि क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. मैदान मुलाला आपोआप चारित्र्य देतं. खिलाडूवृत्तीचं बक्षीस म्हणजे हरलेल्यांची समजूत. बक्षीस ठेवलं की मुलं नाटक करतात. सभ्य मुलं सामने हरतात. आणि गैरवर्तनाकडे बघायला पंच आहेत की! यातला एक मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे, एक निम्मा खरा. तरी त्यातून काढलेला निष्कर्ष, म्हणजे ‘वेगळं काही करू नका’, हा चुकीचाच. एकेक घेऊ. उदाहरणं जास्त करून कबड्डीची, कारण प्रामाणिकपणाची परीक्षा तिथं दर चढाईला होते.

“मैदान आपोआप चारित्र्य घडवतं.”

मैदानावर सवयी लागतात हे खरं. कोणत्या लागतात, ते तिथं काय खपवून घेतलं जातं यावर अवलंबून. ब्रूस ऑगिल्व्ही आणि थॉमस टुटको या अमेरिकी क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खेळाडू तपासले आणि १९७१ मध्ये लिहून टाकलं, की खेळामुळे चारित्र्य घडतं या समजाला आधार सापडत नाही.

चौदा वर्षांखालच्या गटातली एक चढाई बघा. चढाईपटू निदान रेषेच्या आत शिरतो, डाव्या कोपऱ्यातल्या मुलाच्या मनगटाला बोटं ओझरती लागतात, तो मध्यरेषेकडे वळतो. पंच बाजूच्या रेषेवर, आणि त्यांच्या नजरेच्या आड साखळीतल्या दोघांच्या पाठी. टच झाला हे नक्की ठाऊक फक्त त्या दोन मुलांना. कोपऱ्यातला हात मागे घेऊन काही घडलंच नाही असा उभा राहिला, गुण वाचला आणि बाहेरून सरांचा “शाबास!” आला, की धडा पक्का. उलट तो हात वर करून स्वतःहून बाहेर गेला आणि सर म्हणाले, “कशाला गेलास रे?”, तरीही पक्का होतो तो हाच धडा.

वयचोरीचं प्रकरण तर याहून मोठं. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या क्रिकेटमध्ये बीसीसीआयला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजावं लागतं. २०२० मध्ये मंडळानं योजनाच आणली: खरी जन्मतारीख स्वतःहून सांगितली तर शिक्षा नाही, लपवताना सापडलात तर दोन वर्षं बंदी. दाखल्यावरची तारीख बदलून आणायला पोरगं एकटं जात नाही, मोठी माणसं जातात. आणि ती मोठी माणसंही बहुतेक मैदानावरच वाढलेली असतात.

“खिलाडूवृत्तीचं बक्षीस म्हणजे हरलेल्यांची समजूत.”

हे बऱ्याच अंशी खरं. बक्षीस समारंभाच्या आधी टेबलावर एक करंडक उरतो, संयोजक आपसात कुजबुजतात आणि लांबून येऊन पहिल्याच फेरीत बाद झालेल्या शाळेला ‘आदर्श संघ’ ठरवून मोकळे होतात. कशाबद्दल मिळाला, हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. असं बक्षीस बंद केलेलंच बरं. पण ही खोट निवडीच्या पद्धतीची आहे, आणि नीट पद्धत अस्तित्वात आहे.

अल्टिमेट फ्रिस्बी या उडत्या तबकडीच्या सांघिक खेळात फाउल कोणी केला हे खेळाडूच ठरवतात, अगदी जागतिक स्पर्धेतसुद्धा. सामना संपला की प्रत्येक संघ समोरच्या संघाला पाच बाबींवर गुण देतो: नियमांची जाण आणि वापर, फाउल व धसमुसळेपणा, न्यायबुद्धी, वृत्ती आणि स्वतःवरचा ताबा, बोलण्याची रीत. प्रत्येकी ० ते ४, एकूण २०. यातली खुबी २ या आकड्यात आहे. २ म्हणजे ‘नेहमीसारखं चांगलं’. त्यामुळे १० गुण मिळालेल्या संघाला मान खाली घालावी लागत नाही, आणि १४ मिळाले तर त्याला वजन असतं.

हे शालेय कबड्डीत आणायचं तर तीन बाबी पुरतात: टच झाल्यावर स्वतःहून बाहेर जाणं, निर्णय विरोधात गेल्यावरचं वागणं, आणि पकड झाल्यावर खाली पडलेल्याशी वागणं. शिट्टीनंतर धरून ठेवलं की सोडलं, उठायला हात दिला की वरून काही ऐकवलं, ते या तिसऱ्यात येतं. प्रत्येकी ० ते ४, एकूण १२. कागद सामना संपल्यावर दहा मिनिटांत भरायचा, पाणी पिऊन झाल्यावर. कर्णधार आणि दोन राखीव खेळाडूंनी मिळून भरायचा; शिक्षकांनी तेवढा वेळ लांब राहायचं. राखीव खेळाडू मुद्दाम, कारण बाहेर बसल्यामुळे सगळं त्यांनाच नीट दिसतं, आणि एरवी त्यांना कोणी काही विचारत नाही.

बिघडतं कुठे? हरलेला संघ रागानं शून्य देतो. म्हणून ० किंवा ४ दिला तर काय घडलं याची एक ओळ सक्तीची; ओळ लिहिता आली नाही तर तो आकडा १ किंवा ३ धरायचा. दुसरा आजार उलटा: सगळे सगळ्यांना १२ देतात. त्यावर पहिल्या सामन्याआधी कर्णधारांना एकत्र बसवून २ म्हणजे काय हे उदाहरणांसह सांगणं एवढाच उपाय, आणि पाच मिनिटांत तो होतो. तिसरा, दोन शाळा आपसात ठरवून गुण वाटतात. म्हणून पाच किंवा जास्त सामने असतील तर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा कागद सोडून सरासरी काढावी. तीनपेक्षा कमी सामने असतील तर बक्षीस देऊच नये. बाद पद्धतीच्या स्पर्धेत म्हणूनच हे नीट बसत नाही, साखळी लागते.

‘एवढा खटाटोप कशाला, कार्डं मोजा’ असंही सुचवलं जातं. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात ते झालं. जपान आणि सेनेगल गुण, गोलफरक, केलेले गोल आणि आपसातला निकाल या सगळ्यांत बरोबरीत होते; जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा, म्हणून जपान पुढे गेला. पण शेवटच्या सामन्यात पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे असताना जपाननं अखेरची दहाएक मिनिटं चेंडू नुसता आपसात फिरवला, कारण आणखी कार्ड न घेता तेवढ्यावर भागत होतं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. नियमात सगळं बसलं. कार्डं मोजून कार्डं किती ते कळतं, इतकंच.

“बक्षीस ठेवलं की मुलं नाटक करतात.”

हा निम्मा खरा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांचे गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर अचानक दिलं. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुलं चित्रांकडे कमी वळली. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. म्हणजे घोळ करतं ते आधी कबूल केलेलं आमिष.

म्हणून ‘प्रामाणिकपणा दाखवा, टी-शर्ट मिळवा’ अशा पाट्या नकोत. भिंतीवर नावापुढे चांदण्या लावणं नको. तिसऱ्या आठवड्यात मुलं चांदण्यांसाठी एकमेकांना मुद्दाम पाडून हात द्यायला लागतील. त्याऐवजी घडलेली गोष्ट त्याच दिवशी, नावानिशी, ठोस सांगावी. “शहाणा मुलगा आहेस” याला काही अर्थ नाही. “दुसऱ्या डावात कोपऱ्यात तुला टच झाला, पंचांना दिसला नव्हता, तू स्वतः बाहेर गेलास. आपण दोनच गुणांनी पुढे होतो तेव्हा.” इतकं पुरे. कोणी, काय, कोणत्या परिस्थितीत. बाकीची अकरा मुलं ऐकत असतात, वर उपदेश जोडायची गरज नाही.

पोर्तुगालमध्ये पंच चांगल्या कृतीसाठी पांढरं कार्ड दाखवतात. २०२३ मध्ये बेनफिका-स्पोर्टिंग या महिला सामन्यात ते दोन्ही संघांच्या वैद्यकीय पथकांना दाखवलं गेलं, प्रेक्षकांत कोणाची तरी तब्येत बिघडल्यावर ते धावले म्हणून. आपल्याकडे कोणाला हे करून बघायचं असेल तर रंग पांढराच ठेवावा. काही जण ‘ग्रीन कार्ड’ सुचवतात. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद आणि हॉकीत दोन मिनिटं बाहेर. पोरगं कौतुकानंच रडायला लागेल.

“सभ्य मुलं सामने हरतात.”

कधीकधी हरतात, आणि हे लपवू नये. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडचे ५८ धावांत ५ गडी बाद झाले होते. बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथनं, बॅट लागलेली नाही असं वाटून, त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनं १७१ धावांची भागीदारी केली, भारत दहा गडी राखून हरला. चांगलं वागा म्हणजे जिंकाल, असं मुलांना विकणारा पहिल्याच पराभवाला खोटा पडतो.

पण फॉरवर्डमधला हिशेबही जुळत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्मिथ आणि स्मोल यांनी छोट्या मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना शिकवलं: प्रयत्नाचं आणि चांगल्या वागण्याचं कौतुक करा, चुकीवर ओरडू नका. त्या पद्धतीच्या १९९२ च्या पाहणीत या प्रशिक्षकांचे संघ इतरांपेक्षा जास्त हरलेही नाहीत, जिंकलेही नाहीत. पुढच्या मोसमात खेळ सोडणारी मुलं मात्र त्यांच्याकडे ५ टक्के, इतरांकडे २६.

आणि सभ्य म्हणजे मवाळ, हे कोणी ठरवलं? घोट्यात घट्ट पकड घेणारा, चढाईपटूला नियमात राहून आडवा करणारा मुलगा वाईट वागलेला नसतो. उलट सरांच्या पाया पडणारा, प्रत्येक वाक्याला “हो सर” म्हणणारा मुलगा टच लपवण्यात पटाईत असू शकतो. आपल्याकडे आज्ञाधारकपणालाच चारित्र्य समजायची खोड आहे. “सर, तो गुण त्यांचा होता” म्हणणारं पोरगं बहुतेक सरांना आगाऊ वाटतं.

“पंच आहेत की.”

पंच शिक्षा देतात आणि गुणलेखक गुण लिहितो. स्वतःहून बाहेर गेलेल्या मुलाची नोंद गुणपत्रिकेत कुठल्याच रकान्यात होत नाही. गुण समोरच्या संघाच्या नावावर पडतो, बस्स. रकाना हवा असेल तर तो वेगळा आखावा लागेल.

एक गोष्ट मात्र करू नये: या नोंदी दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांना किंवा निवडीला जोडणं. कर्णधार नेमताना बघाव्यात, तेवढंच. गुणांना जोडल्या, की पुढच्याच वर्षी खिलाडूवृत्तीची प्रमाणपत्रं तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात कोऱ्या नमुन्यासकट मिळतील आणि ती आणायला जन्मदाखला बदलून आणणारीच मंडळी रांगेत असतील.