पाठ केलेलं स्वमत

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी ‘लंडनवाली’. राहते लीड्सला, लंडनपासून तीनशे किलोमीटरवर. पण हे समजावणं मी केव्हाच सोडून दिलं. राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव एवढंसं, की तिथून पुण्याला गेलेलाही परदेशीच. ग्रुपवर शाळेचा विषय निघाला की कोणी ना कोणी मला त्यात ओढतोच. “ताई, तुमच्याकडे पाठांतर नसतेच ना?” 2025 च्या मार्चमध्ये राज्याच्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सीबीएसई पॅटर्न आणायची घोषणा झाली, तेव्हापासून तर हा प्रश्न महिन्यातून एकदा ठरलेला. अर्धा ग्रुप म्हणतो, आता आपली पोरं घोकंपट्टीतून सुटतील, डोकं चालवतील. उरलेला अर्धा म्हणतो, आम्ही स्टेट बोर्डातच शिकलो, आमचं काय अडलं? साक्षीला दोन्ही बाजूंना मीच हवी.

साक्ष द्यायचीच तर खरी देते. इथल्या एका प्राथमिक शाळेत मी वर्गशिक्षिकेची मदतनीस आहे. रंगाचे ब्रश धुणं, नाकं पुसणं, मागे पडलेल्या चार-पाच जणांना घेऊन कोपऱ्यात बसणं ही माझी कामं. इथल्या चौथीतल्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची इंग्लंडभर जूनमध्ये एक परीक्षा होते. पाढ्यांची! कॉम्प्युटरवर 25 गुणाकार, बाराच्या पाढ्यापर्यंत, एकेकाला सहा सेकंद. 2022 पासून सरकारी शाळांना ती सक्तीची आहे. सहा सेकंदांत बारा साते चौऱ्याऐंशी विचार करून निघत नाहीत, ते जिभेवर बसलेलेच असावे लागतात. हे ग्रुपवर टाकलं तर आधी कोणाचा विश्वासच बसेना. मग एका काकांनी लिहिलं, “म्हणजे आमचे गुरुजी पावकी-निमकी घोकून घेत होते ते वाया नाही गेलं म्हणा.” मी अंगठा दिला.

पण आमच्या त्याच वर्गाच्या भिंतीवर एक रंगीत त्रिकोणही चिकटवलेला आहे. तळाला आठवणं, त्यावर समजणं, मग वापरणं, सुटं करून पाहणं, पारखणं आणि टोकाला नवं काही घडवणं. शिकागो विद्यापीठाच्या बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये विचारांच्या या पायऱ्या मांडल्या. 2001 मध्ये त्यांची डागडुजी होऊन आजचं रूप आलं. मूळ मंडळी होती विद्यापीठांचे परीक्षक. परीक्षेतला कोणता प्रश्न मुलाकडून काय मागतो, हे लावून ठेवायला त्यांना खण हवे होते. त्रिकोण त्यांनी काढलाच नव्हता, तो मागाहून आला. आणि त्रिकोण आला की वरचं ते भारी, खालचं ते हलकं हेही आलंच. आपल्या लोकांना तर ते शिकवावं लागत नाही. मला तो त्रिकोण बघून आईच्या माजघरातली उतरंड आठवते. खालच्या मडक्याला कोणी हलकं म्हणत नसे, कारण ते काढलं की वरची सगळी फुटायची.

माझा चुलतभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षांपासून मास्तर आहे. त्याला विचारलं, “दादा, तुम्हाला हे ब्लूमचं होतं का डी.एड.ला?” तो एका दमात म्हणाला, “ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य.” आणि स्वतःच हसला. “पाठ केलं होतं ना बाई. परीक्षेले हमखास येत होतं.”

गेल्या खेपेला ऑगस्टमध्ये गेले होते तेव्हा एक दिवस त्याच्या शाळेत बसले. दोन शिक्षकी शाळा. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी, चौथी आणि पाचवी दादाकडे, एकाच खोलीत, तीन दिशांना तोंडं करून. पाचवीला गणितं घालून दिली, तिसरीला शुद्धलेखन, आणि दादा चौथीकडे वळला. प्रश्न आला, “कापूस कोणत्या मृदेत चांगला येतो?” उत्तर आलं, “काऽळ्या मृदेऽत!” छप्पर हाललं. तिसरी आणि पाचवीही ओरडली होती.

आता बघा, आमच्या गावात मृदा कोणीच म्हणत नाही. माती म्हणतात, वावर म्हणतात. ‘मृदा’ हा शब्द शाळेच्या फाटकातून आत येताना तोंडात घ्यायचा आणि जाताना थुंकून टाकायचा. म्हणून पुढचं जे झालं ते माझ्या लक्षात राहिलं. कोपऱ्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, “पर सर, आमच्या काया वावरातली पऱ्हाटी तं पिवयी पडली. धुऱ्यापल्याड काकाचं बरड हाय, तिथली हिरवीगार हाय.” पऱ्हाटी म्हणजे कपाशी, बरड म्हणजे हलकी, मुरमाड जमीन. बोलून झाल्यावर तिनं आधी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चुकलं का, असं.

दादाची नजर घड्याळाकडे गेली. मी नसते तर तो बहुतेक “बरं, बस खाली” म्हणून पुढे गेला असता, असं त्यानंच नंतर कबूल केलं. पण लंडनवाली बसली होती. त्यानं वर्गाला विचारलं, “काहून झालं असंन बरं असं?”

कोणी बोलेना. मला इथली सवय लागली आहे, मी मनात आकडे मोजायला लागले. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गा-वर्गातलं बोलणं टेप करून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला उठवतात, नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही तोंड उघडतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही. चाळीस डोळे आपल्याकडे लागलेले असताना ते थांबून बघा.

दादा थांबला. मी नऊपर्यंत गेले. बाहेर खिचडीला फोडणी बसली होती, तिचा ठसका आत आला. मग एक पोरगा म्हणाला, “औंदा पाणी लय आला.”

“मंग काकाच्या वावरात नाई आला का?”

“आला, पर बरडात थांबत नाई थो. कायी माती धरून ठेवते. मुया सडते मंग.”

“नाई सर, त्यायनं खतच नाई देलं!” हा पाचवीतला, गणितं टाकून.

“देलं! माया बाबानं देलं!” मुलगी आता उभीच राहिली होती.

पुस्तकातलं वाक्य चूक नव्हतं. पण ते कोणत्या पावसात खरं, किती पावसात उलटं, हे नऊ-दहा वर्षांची पोरं आपल्या भाषेत सोडवत होती. आठवणं, वापरणं, सुटं करणं, पारखणं, सगळ्या पायऱ्या पाच मिनिटांत चढून झाल्या. काळी मृदा पाठ नसती तर भांडायला जागाच नव्हती, हेही खरंच.

आणि मग पहिल्या ओळीतल्या एका शहाण्या पोरानं पेन उघडून विचारलं, “सर, वहीत काय लिहू?”

वर्ग गप्प झाला. दादाही. एवढा वेळ जे चाललं होतं त्याचं वहीत लिहिण्याजोगं काहीच नव्हतं. एक ओळ नाही, अधोरेखित शब्द नाही. पालक वही उघडून बघणार, केंद्रप्रमुख वही बघणार. कोरं पान म्हणजे शिकवलं नाही.

माझ्या मते घोळ इथे आहे, बोर्डात नाही. राज्य मंडळानं वरच्या पायऱ्यांचे प्रश्न आणलेच नाहीत असं कोणी म्हणू नये. दहावीच्या मराठीला प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, तीत ‘आकलन’ आहे, ‘अभिव्यक्ती’ आहे, चक्क ‘स्वमत’ आहे. माझी भाची यंदा दहावीला. त्याच मुक्कामात एका संध्याकाळी ती ओट्यावर येरझारा घालत घोकत होती, “माझ्या मते, वृक्ष हे मानवाचे खरे मित्र आहेत...” गाईडमधलं, स्वल्पविरामासकट. मी म्हटलं, “हे तुझं मत आहे का गं?”

“नाई मावशी,” ती न थांबता म्हणाली, “हे स्वमत हाय.”

सीबीएसईनं वरच्या वर्गांच्या पेपरात क्षमतेवर आधारित प्रश्न निम्म्यापर्यंत नेले आहेत. चांगलं केलं. त्याचेही प्रश्नसंच उत्तरांसकट दुकानात आलेत. प्रश्न कितव्याही पायरीचा असो, त्याचं उत्तर आधी छापून मिळालं की तो पहिल्या पायरीवर येऊन बसतो. पॅटर्न बदलेल, गाईडवाला एक हंगाम मागे राहील, मग गाठेल.

इंग्लंडात हे होत नाही असं समजू नका. आमच्या वर्गात चर्चेसाठी मुलांना अर्धी वाक्यं शिकवली आहेत, “मी तिच्याशी सहमत आहे, कारण...” परवा एक पठ्ठ्या ऐटीत उभा राहिला. “मी तिच्याशी सहमत आहे, कारण तिचं बरोबर आहे.” खाली बसला. बाईंनी शाबासकी दिली. मला भाची आठवली.

तरी एक फरक आहे आणि तो त्रिकोणाचा नाही. आमच्या बाईंकडे एकच वर्ग आहे, तीस मुलं. शिवाय मी आहे. आणि शिकवण्याच्या वेळेच्या दहावा हिस्सा वेळ तयारीसाठी मोकळा मिळणं हा इथल्या शिक्षकांचा नियमानं ठरलेला हक्क आहे. त्या वेळात त्यांना वर्गावर धाडता येत नाही. दादाकडे तीन वर्ग, मतदारयादीचं काम, पोषण आहाराचा हिशेब आणि आज दुपारी चारपर्यंत भराच अशी एक ऑनलाइन माहिती. नऊ सेकंद थांबायला त्याच्याकडे आणायचे कुठून? सीबीएसई पॅटर्नवर ग्रुपमध्ये जेवढी बोटं झिजली त्याच्या चौथाईनंही वर्गाला एक शिक्षक मागितला असता तर मी रोज अंगठे दिले असते. ही तक्रार मी साडेसात हजार किलोमीटरवरून करते आहे, मला ती सोपी आहे, हेही मान्य.

आणि एक अडचण अशी, जी कोणत्याच त्रिकोणात लिहिलेली नाही. ती दादानं रात्री अंगणात सांगितली. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतर कधीतरी दादानं वर्गात विचारलं, फवारताना तोंडाला फडकं का बांधायचं? उत्तर एका सुरात आलं, “विषारी औषध श्वासात जाऊ नये म्हणून.” पहिली पायरी, पूर्ण गुण. पण एक पोरगा बसेना. “सर, मंग मालक काहून देत नाई?” त्याचा बाप रोजानं फवारायला जायचा. मालकाचा पोरगा पुढच्याच ओळीत होता.

संध्याकाळी फोन आला. आवाज गोड होता. “मास्तर, पोरायले पुस्तकातलंच शिकवत जा ना जी.”

“तवापासून,” दादा म्हणाला, “तिसऱ्या पायरीच्या वर मी पाहूनच पाय टाकतो.”

इथल्या आमच्या वर्गात हा प्रश्न आला असता तर बाईंनी फळ्यावर लिहिला असता, हे खरं. पण इथे मालक आणि मजूर यांची पोरं एका वर्गात बसतातच असंही नाही. चांगल्या शाळेच्या हद्दीतली घरं महाग असतात इथे, ती मजुराला परवडत नाहीत. दादाच्या खोलीत अख्खं गाव बसलेलं असतं, म्हणून तिथला ‘काहून’ जड असतो.

आमच्या गावापासून वर्धा नदी ओलांडली की गांधीजींचा मुलूख. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं नई तालीमचा आराखडा केला, टकळीवर सूत काततच पोरांनी हिशेब, भूगोल, इतिहास शिकावा असं ठरलं. ब्लूमच्या पायऱ्यांच्या एकोणीस वर्षं आधी. कापूस आमचा, टकळी आमची. आमच्या शाळेत तिचं एक चित्र आहे, जयंतीला हार घालतात.

त्या दिवशी ‘वहीत काय लिहू’ला दादानं शेवटी उत्तर दिलं, “आज काई लिहू नका. घरी इचारून या.” मी दोन दिवसांनी निघाले, म्हणून पुढचं फोनवर कळलं. बावीसपैकी आठ जण विचारून आले. एकाच्या बापानं निरोप धाडला होता, मास्तरले माहीत नाई तं पगार कायचा घेते? आणि त्या मुलीचा आबाजी स्वतःच आला, दुपट्ट्याच्या दोन टोकांना दोन ढेकळं बांधून, एक काळ्याचं, एक बरडाचं. दोन गिलासात घातली, वरून पाणी ओतलं आणि तिन्ही वर्गांना भोवती बसवलं. दादाला म्हणाला, “तुम्ही बसा जी तिकडे.” दीड तास चाललं. मराठी राहिलं, गणित राहिलं.

“ते सगळं ठीक हाय बाई,” दादा फोनवर म्हणाला, “पर मी आता पाठटाचणात काय लिहू?”