‘एक लाखाच्या टीव्हीला साडेतीनशेची केबल’ : फोंड्यातल्या आमच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. एक स्टार दिलात आणि लिहिलंत की एक लाखाच्या टीव्हीसाठी आम्ही साडेतीनशेची एचडीएमआय केबल (टीव्हीला चित्र आणि आवाज पोचवणारी) गळ्यात मारली, तिच्यावर लॅपटॉप जोडला की रंग फिके दिसतात. आतल्या खोलीतल्या गेमिंग कन्सोलपासून भिंतीतून ओढलेल्या १० मीटरच्या केबलवर तर पडदा मधूनच काळा होतो. नंतर दुसऱ्या एका दुकानात तुम्हाला साडेचार हजारांची, सोन्याचा मुलामा दिलेली केबल दाखवून हीच घ्यायला हवी होती असं सांगितलं गेलं.

आधी १० मीटरच्या केबलबद्दल, कारण ती चूक आमची आहे, आणि ‘आमची’ म्हणजे माझीच. त्या दिवशी काउंटरवर मी होतो. चवथीच्या आदल्या आठवड्यातली गर्दी होती, तुम्ही लांबी सांगितलीत आणि मी तेवढ्या लांबीची केबल काढून दिली. तिच्यातून काय जाणार, हे विचारायला हवं होतं. खोक्यावर ‘४के’ (फुल एचडीच्या चौपट बिंदूंचं चित्र) छापलेलं होतं, पण त्या दोन अक्षरांवर विसंबून १० मीटर केबल कुणी देऊ नये, हे मला माहीत असायला हवं होतं आणि माहीत होतंही.

फुल एचडी चित्र सेकंदाला ६० फ्रेमनी पाठवायला सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट (गिगाबिट हे माहितीचं माप) पुरतात. तेच चित्र ४के झालं की १८ गिगाबिटच्या जवळ जातं, म्हणजे चौपट ओझं. तांब्याच्या तारेत संकेत जितका वेगवान तितका तो लांबीबरोबर लवकर क्षीण होतो. दोन मीटरवर कुणालाही जमणारं काम पाच-सहा मीटरपलीकडे भरवशाने करणं साध्या केबलला जड जातं. मग आधी पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, पुढे दोन-तीन सेकंद चित्र जातं आणि परत येतं. तुम्ही लिहिलेलं लक्षण अगदी हेच आहे. खात्री करायची असेल तर कन्सोलच्या सेटिंगमध्ये आज रात्री १०८०पी, म्हणजे फुल एचडी, निवडा. काळं होणं थांबलं तर दोष बहुतेक केबलचाच, टीव्ही आणि कन्सोल दोन्ही ठणठणीत असणार.

साडेतीनशेच्या केबलबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ती दीड मीटरची आहे आणि त्या कामाला ती योग्यच आहे. महाग केबल म्हणजे चांगलं चित्र, हा समज कुठून आला ते मला ठाऊक आहे. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या काळात आणि व्हीजीएच्या (कॉम्प्युटरच्या जुन्या मॉनिटर केबलच्या) काळात ते खरंच होतं. केबल हलकी असली की अक्षरांना सावली यायची, रंग एकमेकांत मिसळायचे. त्या दिवसांत मी स्वतः गिऱ्हाइकांना जाड केबल घ्यायला सांगितलं आहे. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोचले तर चित्र जसंच्या तसं येतं, गळाले तर ठिपके दिसतात किंवा पडदा काळा होतो. रंग थोडे फिके, काळा भाग थोडा राखाडी, असा बिघाड केबल करत नाही.

लॅपटॉपवरून तसं दिसतं याचं नेहमीचं कारण वेगळं आहे. लॅपटॉप एका पट्ट्यात, म्हणजे रेंजमध्ये, रंग पाठवतो (मर्यादित किंवा पूर्ण) आणि टीव्ही ते दुसऱ्या पट्ट्यात वाचतो. टीव्हीच्या त्या इनपुटच्या सेटिंगमध्ये काळ्या रंगाची पातळी किंवा आरजीबी रेंज अशा नावाने हे असतं. ते ऑटोवर ठेवा, लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्येही तीच रेंज आहे का पाहा. टीव्हीचा वीजबचत मोड चालू असेल तर तोही बंद करा.

सोन्याच्या मुलाम्याची गोष्ट आपल्या गोव्यात थोडी जास्त बोलावी लागते. सोनं गंजत नाही, आणि इथली खारी, दमट हवा पिनांना खाते हे खरं आहे. किनाऱ्यालगतच्या घरांतून आलेल्या केबलच्या तोंडावर चढलेला हिरवट थर मी कितीतरी वेळा पाहिला आहे. म्हणून मुलामा असलेला बरा, पण तो काही शे रुपयांच्या केबलवरही मिळतो, आणि त्याने चित्र उजळत नाही. त्याच्यासाठी साडेचार हजार मोजू नका.

तुमच्या १० मीटरसाठी मात्र मी स्वतः महाग केबलच सुचवतो. तिथे ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय लागेल, आमच्याकडे ती ३,८०० ला आहे. हे पैसे वेग आणि लांबी यांचे आहेत. तुमचा टीव्ही १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम दाखवणारा, असेल आणि कन्सोल तसा चालवायचा असेल तर ४८ गिगाबिटची घ्यावी लागेल, ती आणखी महाग पडते. ती कुठूनही घेतलीत तरी खोक्यावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं अधिकृत लेबल आणि त्यावरचा क्यूआर कोड बघा. नुसतं ‘२.१’ (एचडीएमआयच्या आवृत्तीचा आकडा) लिहिलेलं असणं पुरेसं नाही, ते कुणीही छापतं.

जुन्या केबलचे १,१५० रुपये आम्ही पूर्ण परत देतो, नवी आमच्याकडून घ्या किंवा घेऊ नका. घेणार असाल तर आमच्या दुकानातला मुलगा फायबर केबल घेऊन घरी येईल, आधी जमिनीवरूनच जोडेल. एक पूर्ण संध्याकाळ खेळून बघा. एकदाही पडदा काळा झाला तर एक रुपयाही देऊ नका. काउंटरवर आता लांबीबरोबर कुठलं यंत्र आणि किती हर्ट्झ हेही विचारल्याशिवाय पाच मीटरवरची केबल निघत नाही.

एक विनंती: तोवर भिंतीतली जुनी केबल ओढून काढू नका. तिच्याच टोकाला नवी बांधून पाइपमधून आत नेता येते, भिंत फोडावी लागत नाही. फायबर केबलला एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, ती उलटी गेली तर चित्रच येत नाही, म्हणून ओढताना मी स्वतः येईन. दुपारी १ ते ३:३० दुकान बंद असतं, ती वेळ सोडून कधीही फोन करा.