पुन्हा तोच ‘भ्रांऽऽ’!
ठाण्यात घोडबंदर रोडच्या थिएटरात बसा नाहीतर वाशीच्या, थ्रिलरचा ट्रेलर लागला की पुढची दोन-अडीच मिनिटं तोंडपाठ. वरून दिसणारं रात्रीचं शहर, निळसर-हिरवी रंगछटा, पियानोचा एकच सूर. काळा पडदा. ‘भ्रांऽऽ’! पुन्हा काळा पडदा, पुन्हा ‘भ्रांऽऽ’! अहो, २०१० च्या ‘इन्सेप्शन’ या हॉलिवूडपटानंतर पितळी वाद्यांचा हा हंबरडा जो तो उचलत सुटला, तो अजून कुणी खाली ठेवायला तयार नाही.

मग चढत जाणारा सूर आणि त्यावर सेकंदाच्या आत बदलणारी दृश्यं, म्हणजे कट. तंत्र मुळात चोख आहे. कट आखूड होत गेले की छातीत धडधडतं, मधल्या गाळलेल्या जागा डोकं स्वतःच भरतं आणि आवाज अचानक तोडला की कान टवकारतात. पण ती शांतता दोन सेकंद तरी टिकू द्याल की नाही? इथे लगेच दार धाडकन आपटतं, धक्का वाया! संवादांचं तर विचारूच नका: प्रश्न एका प्रसंगातला, उत्तर भलत्याच. आणि शीर्षक येऊन गेल्यावर, वर कडी म्हणून, खुन्याचा अर्धा चेहरा उजेडात. मग तिकीट काय पॉपकॉर्नसाठी काढायचं?